जागा क्रमांक सात

मान वर करून सत्तर मजले मोजून झाले असतील, तर मंडळी, आता खाली बघा. पिळलेल्या लुगड्यासारखा हा काचेचा टॉवर पाहायला लोक लांबून येतात. मला दाखवायची आहे ती पहिल्या मजल्यावरची, गाड्यांच्या रांगेतली ही एक रिकामी जागा. भोवती रांगोळी आहे ना? इथे कुणी गाडी लावत नाही.

असं सांगतात, की इथे गिरणीमागे चाळ होती आणि चाळीत कोंडाबाई नलवडे यांची खाणावळ. चाळ पाडायचं ठरलं तेव्हा कोंडाबाईंनी बिल्डरकडे एवढंच मागितलं, "माझं गुडघं गेल्यात. पहिल्या मजल्यावर जागा द्या, म्हंजी जेवणाऱ्यांनाबी चढाय नको." कागद इंग्रजीत आला. चाळ कमिटीच्या सेक्रेटरीने तो वाचून दाखवला. पहिला मजला, जागा क्रमांक सात.

"जागा म्हंजी घरच न्हवं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या अन्नाची शपथ, मावशी," सेक्रेटरी म्हणाला. वीस वर्षं तो त्यांच्याकडेच जेवला होता. कागदावर होतं 'पार्किंगची जागा'. त्यातला पहिला शब्द त्याने गिळला, म्हणे. सगळ्यांच्या सह्या आणल्या तर त्याला वर घर मिळणार होतं.

टॉवर उभा राहिला. कोंडाबाई शेगडी आणि भाताचं पातेलं घेऊन आल्या, तर सात नंबरला ना भिंत ना दार, नुसते पिवळे पट्टे. त्या भांडल्या नाहीत. तिथेच बसून भात रांधला आणि ड्रायव्हर, वॉचमन, जो आला त्याला वाढला. सेक्रेटरीलाही हाक मारली. तो खांबाआड उभा होता, पुढे आला नाही. भांडी घासून त्या गावी गेल्या, त्या परतल्याच नाहीत. पुढे इथे लावलेली गाडी चालूच होत नसे, म्हणे. आत ताज्या भाताचा वास कोंडलेला असायचा.

मी 'म्हणे' म्हणतो, कारण 'मी' म्हणायला जीभ रेटत नाही. तो सेक्रेटरी मीच. एकविसाव्या मजल्यावर राहतो. फार लाज वाटते हो. तुम्ही परके, म्हणून बोललो.

आजही टॉवरमध्ये नवं बिऱ्हाड आलं की घरातला पहिला भात इथे आणतात. वाढायचा मान मला देतात, जुना माणूस म्हणून. मी सगळ्यांना वाढतो. ड्रायव्हर आग्रह करतात, "काका, तुम्हीपण बसा ना." मी सांगतो, जेवून आलोय.