पोशीबायचा आठवडा

खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर ओहोटीची वाट बघावी लागे, त्या काळातली ही गोष्ट. खाडीच्या कडेला आंबेखार नावाचं गाव होतं. तिथे भात बेताचंच पिके, पण मीठ असं पिके, की वैशाखात बांधावरच्या पांढऱ्या राशी बघून लांबून येणाऱ्याला वाटे, भरदुपारी इथे चांदणं सांडलंय.

मीठ म्हणजे उन्हाचं लेकरू. वळवाची एक जोरदार सर आली, की सगळ्या हंगामाची मेहनत परत खाडीत. म्हणून गावाने एक रीत घालून घेतली होती. होळीपासून शेवटची रास मचव्यात, म्हणजे मालाच्या होडीत, चढेपर्यंत मिठागरावर पावसाचं नाव काढायचं नाही. नाव ऐकलं की तो येतो, असं म्हणत. आणि जो नाव काढील, त्याच्या राशीवर झाप पडू द्यायचा नाही. झाप म्हणजे नारळाच्या झावळ्या विणून केलेलं पांघरूण. घरोघरी ते विणून तयार असत, पण पावसाचं नावच घ्यायचं नाही म्हटल्यावर ते बाहेर काढायचे कधी? वळीव यायचा, राशी भिजायच्या आणि लोक एकमेकांकडे बघून म्हणायचे, “कुणीतरी चोरून नाव काढलंन.”

त्या गावात पोशी नावाची मुलगी होती. नामा आगऱ्याची लेक. ती इतकी लाजरी, की पाणवठ्यावर कुणी हाक मारली तर घागर अर्धी ठेवून घरी पळायची. पण जी फार बोलत नाही ती फार बघते, असं म्हणतात. त्या वर्षी नामाचे पाय सुजले होते, म्हणून सगळं मीठ पोशीने एकटीने ओढलं होतं. त्या राशीवर घरचा वर्षाचा तांदूळ यायचा होता.

वैशाखातल्या एका रविवारी पोशी बांधावर उभी राहून बघत होती. खेकडे आपली बिळं चिखलाने लिंपून घेत होते. मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून बांधाच्या माथ्याकडे चालल्या होत्या. आणि पलीकडचा डोंगर, जो उन्हाळ्यात धुरकट दिसतो, तो इतका जवळ आलेला दिसत होता की झाडं मोजावीत. तिला कळलं. पण बोललं तर आपली रास उघडी राहणार, आणि नाही बोललं तर सगळ्यांचीच जाणार.

बराच वेळ ती पदराचं टोक चावत उभी राहिली. मग जिथे सगळी मंडळी बसली होती तिथे गेली आणि मान खाली घालून म्हणाली, “सोमवार-मंगळवार ऊन तापंल. बुधवारी वारा फिरंल, डोंगराकडून येईल. गुरुवारी एक पान हलायचं नाय. शुक्रवारी दुपारी पाऊस येईल. राशी झाका.”

 मग चांगूआत्याने कपाळावर हात मारला. “अगो बाय! जन्मात तोंड उघडलंस, ते यासाठी?”

धाया पाटील गावचा मोठा. त्याचा आवाज ढोलासारखा होता. “नाम्याची पोर, म्हणून गप ऱ्हातो,” तो म्हणाला. “पण रीत ती रीत. तुझ्या राशीवर झाप पडायचा नाय.”

“नको पडूदे, काका,” पोशी म्हणाली. “तुमच्या राशींवर पडूदेत.”

“ऐकलं, ऐकलं! जा घरी,” सगळे हसले.

सोमवार तापला. मंगळवारी बांधावर अनवाणी पाय टेकवेना. बुधवारी वारा फिरला आणि डोंगराकडून आला. मग चांगूआत्या हळूच झाप घेऊन निघाली. कुणी विचारलं तर म्हणे, “कावळे लय झालेत गो, मीठ घाण करतात.” दुसरा म्हणाला, “माझ्या राशीला धूळ लागते.” गुरुवारी एक पान हललं नाही आणि साऱ्या गावाच्या मिठाला एकदम कावळ्या-धुळीचा त्रास सुरू झाला! पावसाचं नाव कुणी घेतलं नाही, पण शुक्रवारी सकाळपर्यंत सगळ्या राशी झाकलेल्या होत्या. उघड्या होत्या दोनच. एक पोशीची, आणि एक धाया पाटलाची. त्याला हट्ट आडवा येत होता.

दुपारी डोंगरामागून काळा ढग उठला. धाया झाप आणायला घराकडे धावला, पण घर लांब होतं. तेवढ्यात समोरून पोशी येताना दिसली. डोक्यावर आपल्या घरचे सगळे झाप.

“हे काय गो?” धाया थबकला.

“माझ्या राशीवर घालायचे नाय म्हणालात ना, काका. मग तुमच्या राशीवर घालते.”

दोघांनी मिळून रास झाकली. शेवटचा झाप दाबला आणि पहिला थेंब पडला. तेव्हा तो ढोलासारखा आवाज फुटला. “अरे, बघता काय? पोरीची रास!” त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं आणि पोशीच्या राशीवर पसरून धरलं. चांगूआत्या पदर पसरून उभी राहिली. मग सगळं गाव आलं, खांद्याला खांदा लावून राशीभोवती वाकलं. रीत कुणालाच आठवली नाही.

पाऊस असा पडला की खाडी आणि आभाळ वेगळं दिसेना. थांबला तेव्हा लोक बाजूला झाले. बघतात तर पोशीची रास तशीच. एक दाणा विरघळला नव्हता. हात लावला, तर ती दगडाची झाली होती. पांढरीशुभ्र, कडक. असं म्हणतात, की इतक्या माणसांची माया एकदम अंगावर आली आणि मीठही वितळायचं विसरलं.

दगड विकून तांदूळ येत नाही. म्हणून ज्याने त्याने आपल्या राशीतली टोपली आणून नामाच्या दारात ओतली. गावातली सगळ्यात मोठी रास त्या वर्षी पोशीची झाली.

पुढे दर वैशाखात रविवारी ती त्या पांढऱ्या धोंड्यापाशी उभी राहून येणारा आठवडा सांगायची. ती म्हातारी झाली, तरी मान खालीच असायची. एका रविवारी ती म्हणाली, “गुरुवारपर्यंत ऊन. शुक्रवारी वळीव. शनिवारी आभाळ मोकळं, पण मी नसेन.” तिचं कधी चुकलं नाही. तेही चुकलं नाही.

पाऊस यायचा असला की धोंड्याला अजून घाम सुटतो, असं म्हणतात. आता आंबेखारात मोबाइलवर हवामान कळतं. तरी वैशाखातल्या रविवारी लोक बांधावर जमतात आणि गावातली सगळ्यात अबोल मुलगी धोंड्यापाशी उभी राहून येणारा आठवडा वाचते, पावसाचं नाव घेऊन. तिचा आवाज कापतो. तो नीट ऐकू यावा म्हणून लहान मुलंसुद्धा गप्प होतात. वाचून झालं की सगळं गाव एका सुरात म्हणतं, “ऐकलं गो बाय, ऐकलं!”

मग प्रत्येकजण झाप उचलतो, आणि आधी शेजाऱ्याची रास झाकतो.