चकतीची कूस

खाडीच्या तोंडाशी वसलेल्या एका गावात एक नेमबाज राहत होता. वासू तांडेल त्याचं नाव. त्याच्याकडे बंदूक नव्हती, धनुष्य नव्हतं. वासू डार्ट खेळायचा. वीतभर लांबीचे तीन बाण घ्यायचे आणि पाच हातांवरून भिंतीवरच्या गोल चकतीवर फेकायचे, असा तो खेळ. गावचा एक म्हातारा खलाशी बोटीवरून तो घेऊन आला आणि गावाला त्याचं वेड लागलं. पण त्यावर पोट भरणारा एकटा वासूच. सहा वर्षं खाडीपट्ट्याचा चषक त्याने दुसऱ्याच्या हाताला लागू दिला नव्हता.

सहाही चषक पडवीत मांडलेले होते. आल्यागेल्याला वासू आपला उजवा हात पुढे करून दाखवायचा. "सगळं या मनगटाचं," म्हणायचा. ते खोटं नव्हतं. निम्मं खरं होतं.

उरलेलं निम्मं सोनकाकीपाशी होतं. सोनकाकी होड्यांचे दोर वळायची. बोटीवरून आलेली चकती खाऱ्या वाऱ्याने सडली, तेव्हा नवी तिनेच केली. बांधावरचं घायपात कापून आणलं, पाण्यात कुजवलं, झोडपून धागा काढला. धाग्यांच्या जुड्या दाबून दाबून उभ्या बसवल्या, लोहाराकडून भोवती पट्टा आवळून घेतला आणि वर पाचरीसारखी वीस घरं आखून एक ते वीस आकड्यांचं तारेचं कडं चढवलं. परातीएवढी चकती, पण महिनाभर बाईच्या बोटांची सालं निघत होती. अशा चकतीत बाण धाग्याला भोसकत नाही, दोन धाग्यांच्या मध्ये जाऊन बसतो. धागे त्याला धरून ठेवतात. बाण काढला की पुन्हा मिटतात. भोक म्हणून राहत नाही.

चकती समाजमंदिराच्या भिंतीवर लागली. दर सोमवारी सोनकाकी तिथे यायची. आकड्यांचं कडं उचलायची, चकती दोन घरं फिरवायची, कडं पुन्हा जागेवर बसवायची. वीसचा आकडा वरच राहायचा, पण त्याच्याखाली चकतीचा ताजा भाग यायचा. सगळ्यांत मोठा आकडा वीसचा, सगळा मार त्याच्याच घरावर असतो म्हणून हे करायचं.

"निजलेलं माणूससुद्धा कूस बदलतं," ती म्हणायची. "हिची कोण बदलणार?"

त्या वर्षी मोठी स्पर्धा याच गावात भरायची ठरली. गोव्यापासून पुण्यापर्यंतचे खेळाडू येणार होते, आणि जिंकेल त्याला परदेशातल्या स्पर्धेचं बोलावणं मिळणार होतं. त्या बोलावण्यासाठी वासूने सहा वर्षं वाट पाहिली होती. सकाळ-संध्याकाळ तो वीसच्या घरावर बाण मारत सुटला. मारून मारून ती जागा अशी झाली की चुलीतल्या राखेत काडी जावी तसा बाण जायचा. वासू खूश झाला.

सोमवारी सोनकाकी आली, तर हा चकतीपुढे आडवा उभा.

"काकी, स्पर्धा होईपर्यंत हात लावायचा नाही. वीसची जागा मऊ झालीय. बाण आपसूक जातो."

"मऊ नाही झाली मेल्या, दमलीय ती."

"घायपात कधी दमतं होय?"

"तुझं मनगट दुखलं की बायकोकडून तेल चोळून घेतोस. हिने कुणाकडे जायचं?"

बसलेली माणसं हसली. वासूला ते झोंबलं. काकीची पाठ वळताच त्याने चकती उतरवली, आकड्यांचं कडं मागच्या बाजूने तारेने बांधलं आणि पकडीने पीळ घातला.

पुढच्या सोमवारी कडं जागचं हललं नाही. सोनकाकीने वासूकडे पाहिलं. "बांधलीस ना? ठीक आहे. मी विनवणी करणारी बाई नाही," म्हणाली आणि यायची थांबली.

थोड्याच दिवसांत एखादा बाण मान टाकायला लागला. वासूला वाटलं, टोक बोथट झालं. त्याने बाण दगडावर घासून सुईसारखे पाजळले. टोक इतकं धारदार झालं की दोन धाग्यांच्या मध्ये जायचं सोडून ते धागाच कापायला लागलं. वासूच्या ते लक्षात आलं नाही. ज्याला आपल्याच हाताचं कौतुक, त्याला दुसऱ्याची जखम कशी दिसणार?

स्पर्धा लागली. वासू एकेकाला हरवत शेवटच्या सामन्यापर्यंत आला. समोर होती गोव्याची फिलोमीना, एका पावभट्टीवाल्याची सून. तिची सगळी भिस्त एकोणीसच्या घरावर. पाचांतले दोन डाव याचे झाले, दोन तिचे. शेवटचा उरला.

या खेळात पाचशे एक गुणांपासून उतरत बरोबर शून्यावर यायचं असतं, आणि शेवटचा बाण घराच्या बाहेरच्या बारीक पट्टीतच लागावा लागतो. तिथे आकड्याची दुप्पट धरतात. वासूला चाळीस हवे होते. म्हणजे वीसच्या पट्टीत एक बाण. झोपेत मारला असता त्याने.

पहिला बाण नेमका पट्टीत लागला. क्षणभर टिकला, मान टाकली आणि खाली पडला. पडलेला बाण शून्य. दुसरा त्याच जागी लागला, तोही पडला. तिसराही पडला.

फिलोमीनाला अडतीस हवे होते. तिने एकोणीसच्या पट्टीत एकच बाण मारला. तो रुतून बसला.

"चकतीच खराब आहे," वासू ओरडला.

पंचांनी वीसच्या घरावर बोट फिरवलं. बोटाला भुसा लागला. "चकती कोण राखतं?"

मागच्या रांगेतून सोनकाकी उठली.

"राखणाऱ्याच्या हयगयीने चकती गेली असेल, तर डाव नव्या चकतीवर पुन्हा होईल," पंच म्हणाले. "आणि तुमची चकती या स्पर्धेत परत लागणार नाही. बाई, चकती फिरवत नव्हतात?"

"नाही."

"का?"

सोनकाकीने वासूकडे पाहिलं. "ज्याने सांगायचं, त्याला तोंड आहे."

वासूने फक्त गप्प राहायचं होतं. सातवा चषक, परदेशचं बोलावणं, सगळं पुन्हा हाताशी आलं असतं. चकतीच्या पाठीमागे कोण बघतंय?

त्याने खाली पडलेले तीन बाण पाहिले. मग चकती पाहिली. सहा वर्षं तो तिला मारत आला होता, आणि सहा वर्षं तिने प्रत्येक बाण धरला होता, एकाचंही भोक मनात ठेवलं नव्हतं. मारणारा मी, धरणारी ही. आज पहिल्यांदा तिच्याने धरवलं नाही, तर मी चारचौघांत तिला खराब म्हणतोय. आणि जिने बोटं सोलून ती केली, तिला चोर ठरवतोय.

वासू पुढे गेला. चकती स्वतः उतरवली आणि उलटी करून पंचांसमोर धरली.

"ही तार मी बांधली. काकी फिरवायला आली होती. मी अडवलं."

"मग निकाल बदलणार नाही," पंच म्हणाले.

"नका बदलू."

निकाल पुकारला गेला. तीन डाव फिलोमीनाचे, दोन वासूचे. फिलोमीनाने हात मिळवला. "तुझे तिन्ही बाण बरोबर लागले होते."

"लागले," वासू म्हणाला. "धरायला कोणी उरलं नव्हतं."

मग तो सोनकाकीच्या पायाशी वाकला. "काकी, सहाही चषक तुझे नि हिचे. मी नुसता फेकत होतो. हे मला आधी बोलायला हवं होतं."

सोनकाकीचे डोळे भरले, पण आवाज होता तसाच होता. "फेकणंही सोपं नसतं रे. ऊठ. पाया पडायचं पुरे, पक्कड आण."

तार तुटली. फिलोमीनाने तिथेच आपल्या गावासाठी एक चकती मागितली. "दोन महिने लागतील," सोनकाकी म्हणाली. "आणि दर सोमवारी कूस बदलणार असशील, तरच देईन."

त्या चकतीसाठी बांधावरून घायपाताचे भारे वासूनेच खांद्यावर आणले. गावासाठीही एक नवी झाली. जुनी त्याने पडवीत, सहा चषकांच्या वर टांगली. तिच्या वीसच्या घरातले धागे पुन्हा मिटले नाहीत. आल्यागेल्याला तो आता मनगट दाखवत नाही, ती चकती दाखवतो. आणि रोज पहिला बाण फेकण्याआधी, औताला जुंपण्यापूर्वी बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा, नव्या चकतीवरून हात फिरवतो. सोमवारी तिची कूस तोच बदलतो. सोनकाकी पायरीवर बसून दोर वळत त्याच्या चुका काढते.

तात्पर्य: मारणाऱ्याचा नेम जगाला दिसतो, धरणाऱ्याचे उपकार दिसत नाहीत. जो आपल्याला धरून असतो, त्याचे उपकार तो दमण्याआधीच मानावेत, आणि नुसते तोंडाने न मानता त्याला विसावा देऊन मानावेत.