अस्वलाचं पिल्लू मोठं होण्याआधी

रानात कुऱ्हाड शिरली नव्हती, त्या काळी एका सावरीच्या झाडावर आग्यामाश्यांची तीन पोळी लटकत होती. आग्यामाश्यांच्या घराला छप्पर नसतं. माश्या अंगाला अंग लावून पोळ्यावर बसतात, तीच पिल्लांवरची सावली.

सोनटी माशी अशीच पिल्लांवर बसली होती. खाली अस्वलाचं एक पिल्लू वारूळ हुंगत होतं. राणी म्हणाली, "हे उद्या झाडावर चढेल. आजच संपवा."

"आईसाहेब, त्याला अजून धड चालता येत नाही. निदान शेजारच्या पोळ्यांना तरी विचारू."

"तहान लागल्यावर विहीर खणायची का गं? तू बस पोरं सांभाळत."

सगळ्या हसल्या आणि झेपावल्या. पिल्लू आईला हाका मारत मेलं. जिनं जिनं नांगी मारली, ती तिथंच नांगीपाशी मेली. परत आल्या त्या मूठभर.

दुपारचं ऊन उघड्या पोळ्यावर आलं, तशी सोनटी शेजारी धावली. "थोड्या जणी पाठवा हो, पोरं भाजताहेत."

तिथली म्हातारी माशी म्हणाली, "बाई, मोठी तर आमचीही पोरं होताहेत. तुमच्या राणीला त्यांची भीती कधी वाटेल, कुणी सांगावं?"

सोनटी परतली आणि पंख पसरून बसली. तिच्याखाली चार-दोन पिल्लं झाकली गेली. बाकीच्यांवर मेण वितळून उतरू लागलं होतं.

वर राणी उरलेल्या माश्यांना सांगत होती, "बघा, चढलं का अस्वल?"