सड्यावरचं बिननावाचं रोप

एका राज्यात डोंगराच्या पोटात एक खजिना होता. त्याचा राखणदार होता असितांग नावाचा मांत्रिक, आणि त्याची अट एकच होती: पाहावं, पण उचलू नये. सहा पिढ्यांनी ती पाळली. सातव्या पिढीचा राजा वीरधवल याने मात्र एका सकाळी तिथली मोत्याची नथ उचलली आणि हौसेने राणी मृगावतीच्या नाकात घातली.

राणीने आरशात पाहिलं, ती हसली, आणि हसता हसता झोपी गेली.

हाका मारल्या, डोळ्यांवर पाणी शिंपडलं. राणी उठेना, नथ निघेना. दुसऱ्या दिवशी दासी झोपल्या, तिसऱ्या दिवशी पहारेकरी. मग रोज एक आळी. कुंभार मडक्यावर हात ठेवून झोपला, चाक तेवढं हळूहळू फिरत राहिलं. बाया विहिरीच्या काठी घागरींना टेकून झोपल्या. पाखरं त्यांच्या खांद्यांवर बसून जाऊ लागली. नगरभर एक मऊ, संथ श्वास भरून राहिला.

राजाला मात्र झोप येत नव्हती. तो खजिन्याच्या तोंडाशी हात जोडून उभा राहिला. आतून आवाज आला.

"उतारा डोंगरमाथ्यावरच्या सड्यावर आहे. वीतभरही नाही असं एक रोप. त्याला नाव नाही. त्याच्या एका पानाच्या वासाने राणी उठेल. पण चुकीचं पान जो तोडील, तो तिथेच दगड होईल."

दोन वैद्य गेले. दोघांनाही हजार वनस्पतींची नावं पाठ होती. दोघेही सड्यावर दगड होऊन बसले. तिसरा जायचा होता राजवैद्य नागोजी, पण त्याच सकाळी त्याची आळी झोपली. घरात जागी राहिली ती एकटी त्याची मुलगी भिवरा. ती पहाटेच पाल्याला रानात गेली होती. भिवरा चाळिशीची, विधवा. वीस वर्षं बापाच्या हाताखाली मुळ्या धुतल्या, पाला वाळवला, पण तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं. तिने आबांच्या अंगावर घोंगडी घातली आणि ती राजापुढे उभी राहिली.

"महाराज, मी जाते."

"तुला ते रोप ठाऊक आहे?"

"नाही."

"मग ओळखशील कशी?"

"बघत बसेन, महाराज. दिसेपर्यंत."

राजाने मान खाली घातली. "चूक माझी, बाई, आणि जीव तुझा पणाला."

"माझा बाप झोपलाय," भिवरा म्हणाली, आणि निघाली.

सडा म्हणजे कातळाचा मोकळा माळ. त्यावर ढग इतके खाली आलेले की हात वर केला तर ओला व्हावा. आणि खाली जांभळ्या, निळ्या, पांढऱ्या फुलांचा समुद्र. लाखो रोपं, एकासारखं दुसरं. मध्ये ते दोन दगड, हात पुढे केलेले, बोटांवर शेवाळ धरलेलं.

एक टिटवी धावत आली. "बाई, माझी अंडी या खड्यांत आहेत. पाय न हलवता दाखव, म्हणजे तुला एक खूण सांगेन."

भिवरा उकिडवी बसली. सगळे खडे सारखेच, मातकट, काळ्या ठिपक्यांचे. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तिला चार खडे दिसले, टोकं आत करून एकमेकांना टेकलेले.

"ती बघ."

"खरं आहे," टिटवी म्हणाली. "मी जमिनीलगत चालते. त्या रोपाचं खोड चौकोनी आहे. बोटांत धरलंस तर चार कडा लागतील."

पुढे आभाळातून चंडोल बोलला, "मला तुझ्या सावलीत दाणे टिपायचे आहेत. हलू नकोस." भिवरा उभी राहिली. पायांना मुंग्या आल्या, मानेवर डास बसले. चंडोल पोटभर जेवला नि म्हणाला, "मी वरून पाहतो. त्याची पानं समोरासमोर येतात, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी. वरून फुली दिसते."

तिसरा भेटला शिंजीर, अंगठ्याएवढा, रत्नासारखा चकाकणारा.

"बाई, तुझ्या पायाशी हे कोणतं झाड?"

भिवराने वाकून पाहिलं, पान चोळून हुंगलं. तिला लाज वाटली. "मला माहीत नाही."

शिंजीर खुशीत गिरकी घेऊन आला. "त्या दोघांनी लगेच नावं सांगितली होती, आणि दोन्ही वेगवेगळी! ऐक. मी फुलात चोच घालतो. त्याचं फूल मोहरीएवढं, जांभळं, दोन ओठांचं. खालच्या ओठावर दोन पिवळे ठिपके."

भिवरा शोधू लागली. गोल खोडाची रोपं सोडली, एकाआड एक पानांची सोडली, एकाच ठिपक्याची सोडली. गुडघे सोलले. तेवढ्यात एक म्हातारा धनगर काठी टेकत आला.

"हेच शोधतेस ना, पोरी?"

त्याच्या पायाशी रोपांचा ताटवा डुलत होता. भिवराने खोड चाचपलं: चार कडा. वरून पाहिलं: फुली. फुलात पाहिलं: दोन पिवळे ठिपके. तिची बोटं पानापर्यंत गेली.

"तोड की," धनगर म्हणाला. "तिकडे आणखी एक आळी झोपत असेल."

बोटं थांबली. भिवरा पालथी झोपली आणि तिने रोपाच्या खाली पाहिलं. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या.

"बाबा, यांचं बी कुठे आहे?"

धनगराने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"इतकी फुललीत, पण एकाही रोपाला बोंड नाही. एक पान पिवळं नाही, एकाला किडा लागलेला नाही. ही उगवलेली नाहीत. केलेली आहेत."

ताटवा वाफेसारखा विरला. धनगराच्या जागी असितांग उभा होता, उंच, राखेच्या रंगाचा.

"फूल मला करता येतं," तो हळू म्हणाला. "बी करता येत नाही." आणि तो धुक्यात मिसळून गेला.

भिवरा तिथेच पडून राहिली. गाल ओल्या कातळावर होता. तिथून, डोळ्यांच्या पातळीवर, तिला कातळाची एक चीर दिसली, आणि चिरेत बोटाच्या पेराएवढं एक रोप. खालची दोन पानं पिवळी, एकाला भोक पडलेलं. खोडाला चार कडा. पानांची फुली. मोहरीएवढं जांभळं फूल, दोन पिवळे ठिपके. आणि फुलाखाली तिळाच्या बोंडासारखं इवलं बोंड, उकललेलं. एक मुंगी त्यातलं काळं बी ओढून नेत होती.

सबंध सड्यावर तसं ते एकच होतं. भिवराने ते उपटलं नाही. तिने डोळे मिटले आणि एक पान खुडलं.

वारा वाहिला. तिने बोटं हलवून पाहिली. हलत होती.

भिवराने पान राजवाड्यात नेलं आणि त्याचा वास राणीच्या नाकाशी गेला. राणी शिंकली, नथ ओंजळीत गळून पडली. त्याच क्षणी सड्यावरचे दोन दगड जांभया देत उठले. राजाने नथ स्वतःच्या हाताने खजिन्यात परत ठेवली, आणि डोंगराने आपलं तोंड मिटून घेतलं. ज्या क्रमाने आळ्या झोपल्या होत्या त्याच क्रमाने जाग्या झाल्या. कुंभार मडकं वाकडं झालं म्हणून चाकावर ओरडला.

सगळ्यांत शेवटी नागोजीचे डोळे उघडले. भिवरा उशाशी होती. तिने सगळं सांगितलं: खोड, पानं, फूल, बोंड. म्हातारा घोंगडी सारून उठून बसला.

"असं रोप मी जन्मात पाहिलं नाही," तो म्हणाला.

राजाचा निरोप आला, की रोपाला भिवराचं नाव द्यावं, दवंडी पिटावी. भिवराने उलट निरोप धाडला: "आधी आबांना बघू दे."

सकाळी दोघं सड्यावर चढली. म्हाताऱ्याला धाप लागत होती; भिवराने त्याला दंडाला धरून नेलं आणि कातळावर पालथं निजवलं. राजवैद्य नागोजी हनुवटी ओल्या दगडावर टेकून, श्वास रोखून बघत राहिला. ढग त्यांच्यावरून गेले, ऊन आलं, पुन्हा ढग आले.

"सांग पुन्हा," अखेर तो म्हणाला. "खोडापासून."

भिवरा त्याच्या शेजारी पालथी झोपली आणि सांगू लागली.