कांडीचा चुकणारा नेम

टेबलावरच्या वस्तू आपसांत बोलत असत, त्या दिवसांतली ही गोष्ट. शाल्मलीच्या संगणकाजवळ एक माउस होता आणि एक कांडी. कांडी हातात धरून हवेत फिरवली की खेळातला बाण हलायचा.

सायकलवरून पडून शाल्मलीचा हात मोडला होता. प्लास्टर निघालं, पण खांदा पार आखडला. कांडीने ती फुग्यांवर नेम धरायची आणि बाण भलतीकडेच जायचा. हरून हरून तिला रडू फुटलं.

माउस कांडीला म्हणाला, "कशाला छळतेस पोरीला? माझ्यावर नुसतं बोट ठेवलं तरी ती जिंकेल."

"जिंकेल," कांडी म्हणाली. "तुझ्यासारखा नेम मला जन्मात जमायचा नाही. पण बोटाने खांदा सुटत नाही. मी तिला हरवेन, पण हात उचलायला लावेन."

शाल्मलीने डोळे पुसले. तिचा हात माउसकडे गेला, थबकला आणि तिने पुन्हा कांडीच उचलली. रोज ती हरत राहिली, कण्हत राहिली. हात मात्र तसूतसूने वर चढत गेला.

एका सकाळी आईने हाक मारली, "शालू, ये, वेणी घालून देते."

"नको आई, आज माझी मी घालते."

तिने दोन्ही हात मानेमागे नेले. माउस श्वास रोखून पाहत होता.

"अजून थोडं वर, पोरी," तो पुटपुटला.