ठकू कासारणीचा शब्द

घाटात गाडीरस्ता नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पायथ्याच्या तळखांब गावात ठकू नावाची कासारीण राहायची. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती गावोगाव हिंडायची. सासुरवाशिणी तिच्याकडून बांगड्या भरून घेत आणि भरता भरता माहेरी द्यायचा निरोप हळूच तिच्या कानात सांगत.

एकदा घाटमाथ्यावरच्या करवंदे गावात चिमा तिच्यापुढं बसली. चिमा तळखांबचीच लेक. मनगटावर डागल्याच्या खुणा होत्या. "मावशी, दादाला म्हणावं, येऊन ने. आता सोसवत नाही."

"उद्या दिवस मावळायच्या आत तुझा दादा दारात उभा करते. शब्द दिला," ठकू म्हणाली.

ती घाट उतरायला लागली. वाटेत एका गावात जत्रा होती. बायकांनी गराडा घातला, कुणी पाणी दिलं, कुणी बसायला घोंगडं. एका दिवसानं काय होतंय, असं म्हणून ठकू तिथंच रमली.

तिसऱ्या दिवशी ती चिमाच्या भावाला घेऊन वर पोचली. चिमाला विहिरीतून काढून अंगणात ठेवलं होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, "काल दिवस बुडेपर्यंत वाटेकडं डोळे लावून बसली होती गं."

शेवटच्या हिरव्या बांगड्या ठकूनंच भरायला घेतल्या. गार हात दबेना. एकेक बांगडी तडकत गेली. ठकू म्हणाली, "लेकी, यापुढं निरोप पोचल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही."

असं म्हणतात, ती निरोप घेऊन निघाली की काटे वाट सोडत, पुराचं पाणी गुडघ्याएवढं होई. तीस वर्षांत एकही निरोप राहिला नाही. पण ठकूचं तोंड कधी उजळलं नाही.

एका वैशाखात झरे आटले होते. ठकू एका अडलेल्या पोरीचा निरोप घेऊन घाट उतरत होती. वाटेत गुराख्यांनी पाण्याचा भोपळा पुढं केला. "आधी निरोप," एवढंच ती म्हणाली. तळखांबात त्या पोरीच्या आईच्या दारात उभ्या उभ्या तिनं सांगितलं, "लेक अडलीय. सुईण घेऊन आत्ता नीघ." आई पाणी आणायला वळली. तांब्या घेऊन बाहेर आली, तोवर ठकू उंबऱ्याशी कोसळली होती. ती पुन्हा उठली नाही. लेक मात्र वाचली.

असं म्हणतात, अजूनही एखाद्या लेकीवर वेळ आली की तिच्या आईच्या दारात बांगड्या किणकिणतात.

तळखांबात आजही लेकीकडून आलेला माणूस आधी निरोप सांगतो, मगच पाणी घेतो. वैशाखात गावातल्या आया ठकूच्या नावानं बांधलेल्या पारावर जमतात आणि सासरी गेलेल्या आपापल्या लेकीचं नाव मोठ्यानं घेतात. पहिलं नाव चिमाचं. तिची आई कधीच गेली, म्हणून ते सगळ्याच जणी घेतात.