उसना गेम

सन १९८४. पौष महिना, संक्रांत तोंडावर आलेली. मिरजेत त्या साली थंडी कडक होती.

"मग निघू ना मी, वस्ताद?"

शिरीष आरवाडेने हे दुसऱ्यांदा विचारले. वय अठरा. ज्युनियर गटात राज्यात त्याच्यासमोर कोणी उभे राहत नव्हते. आता मोठ्यांत उतरायचे होते. टेनिसवर पोट भरणाऱ्या पुरुषांत. पहिली स्पर्धा मद्रासला, गाडी संध्याकाळची.

दाऊद वस्ताद क्लबचे मार्कर. म्हणजे पोरांना खेळ शिकवणारे. गाव कुस्तीचे, म्हणून त्यांनाही वस्तादच म्हणत. त्यांच्या 'जा'शिवाय तिथून कोणी गेलेले नव्हते.

कोर्टाची निगा माझ्याकडे होती. मुरुमावर शेणमातीचे सारवण, वर चुन्याच्या रेघा. तसे कोर्ट जिल्ह्यात दुसरे नव्हते. आता तिथे सिमेंट आहे.

वस्ताद म्हणाले, "देणं फेडून जा."

"कसलं देणं?"

"एका गेमचं. पहिल्या दिवशी तू माझ्याकडून एक गेम घेतलास..."

शिरीष हसला. "घेतला नव्हता. जिंकला होता. नऊ वर्षांचा होतो मी. आईनं गल्लीभर पेढे वाटले होते."

"मी दिला होता."

शिरीषचे हसू गेले.

"सगळ्यांना देतो. नाहीतर पोरगं दुसऱ्या दिवशी परत येत नाही. जाताना ज्याचं त्याला सांगतो. उसना घेतलेला परत करायचा, हा इथला रिवाज."

"खोटं आहे हे."

"असू दे. रॅकेट काढ."

"म्हणजे... तुमच्याशी हरायचं?"

"हरायचं. पण तू दिलास हे मला कळता कामा नये. तुला कळलं होतं का?"

शिरीषने रॅकेट काढली. सर्व्हिस त्याची. पहिला चेंडू नेटमध्ये, दुसराही नेटमध्ये. पुढच्या वेळी तेच.

वस्तादांनी हात वर केला. "ही भीक झाली. पहिल्यापासून."

दुसऱ्यांदा त्याने फोरहँड लांब मारला, कपाळावर हात मारून घेतला, चुकचुकला.

"नाटक जत्रेत कर. पहिल्यापासून."

तिसऱ्यांदा शिरीष चिडला. चार सर्व्हिस अशा मारल्या की वस्तादांची रॅकेट हललीसुद्धा नाही. चौथा चेंडू मागच्या जाळीत रुतला.

"हे तुला येतंच," वस्ताद म्हणाले. "मद्रासला सगळ्यांनाच येत असेल. गाडी चुकेल तुझी."

शिरीष कोर्टाच्या रोलरवर जाऊन बसला.

मग खालच्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही कसा दिलात?"

"तुझ्याकडं बघत."

तो उठला. या खेपेस त्याने लगेच सर्व्हिस केली नाही. नेटपलीकडे पाहत राहिला. नऊ वर्षे तो त्या माणसासमोर खेळला, पण त्याला असे पाहताना मी प्रथमच बघितले. वस्तादांचा डावा गुडघा बांधलेला. उजव्या बाजूला वळताना त्यांना दम खावा लागे. बॅकहँड मात्र अजून जुनाच होता. रॅकेट वरून खाली चिरत यायची आणि चेंडू उसळायचाच नाही.

शिरीषने सर्व्हिस केली. जोरात, पण बॅकहँडवर.

चेंडू परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला...

मी चुन्याचा डबा खाली ठेवला.

एक पॉइंट शिरीषने घेतला, पुढचा वस्तादांनी. शिरीष खरेच धावत होता, खरेच घामाघूम झाला होता. वस्तादांची टोपी पडली, ती त्यांनी उचलली नाही. त्यांचे केस पांढरे झालेत हे मला त्या दिवशी दिसले. पण पाय... ते पाय मी तरुणपणी पाहिले होते. सांगलीहून मोटारी भरभरून लोक ज्यांचा खेळ बघायला येत, ते पाय. गुडघा बांधलेला आहे हे ते विसरले होते. मीही विसरलो.

ड्यूस झाला. मग अ‍ॅडव्हान्टेज वस्तादांचा.

शिरीष नेटवर धावून आला. वस्तादांनी बॅकहँड चिरला. चेंडू रेघेवर पडला, चुना उडाला. शिरीषने अंग झोकून दिले, छातीवर आपटला. रॅकेट चेंडूपासून वीतभर राहिली.

पोचली नाही, की पोचू दिली नाही? मी रेघेपाशीच उभा होतो. नजर माझी चांगली होती. मला सांगता येणार नाही.

शिरीष उठला. सदरा शेणमातीने भरला होता, कोपर सोललेले. तो नेटपाशी आला आणि वाकून वस्तादांच्या पायांना हात लावला.

"फिटलं का, वस्ताद?"

वस्ताद धापा टाकत होते. चेहरा पोरासारखा झाला होता. त्यांनी कपाळाचा घाम बाहीला पुसला.

"काय फिटलं? गेम मी जिंकलोय. जा."